खिडकीपाशी दिलेलं उत्तर

डोंगरातल्या आमच्या सिगसिग गावात कुणालाही विचारा, व्हिसाचा अर्ज कुणाकडून भरून घ्यायचा, तर माझंच नाव सांगतील. नार्सिसा किश्पी, चर्चच्या मागची गल्ली, झेरॉक्सचं दुकान. माझ्या हातचा अर्ज परत येत नाही असं लोक म्हणतात. आधी लोक म्हणत नव्हते, मीच सांगत फिरायचे. आता कुणी तसं म्हणालं की मी मशीनचं झाकण उघडून उगाच आत बघत बसते.

माझा भाऊ क्लेव्हर एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कला गेला. विमानाने नाही गेला. आमच्याकडची पोरं जायची तशी गेला, नदी, वाळवंट, कुंपण असं करत, कागदाशिवाय. तिकडे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. इथे आला असता तर परत जाता आलं नसतं, म्हणून कधी आलाच नाही. वडील गेले तेव्हाही नाही. आमच्या गावातल्या निम्म्या घरांचं हेच रडगाणं आहे, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते फक्त त्या घरातल्या आईला.

तो जाऊन चौदा वर्षं झाली होती तेव्हा एका रविवारी फोनवर म्हणाला, "आई, मी येऊ शकत नाही. पण तू तर येऊ शकतेस की."

आईने माझ्याकडे बघितलं. एकाहत्तर वर्षांची बाई, जवळच्या क्वेंका शहराच्या पलीकडे कधी गेली नव्हती. मला वाटलं नाही म्हणेल. तर म्हणाली, "तिकडे थंडी किती असते? माझा लोकरीचा घागरा चालेल का?"

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात न्यूयॉर्कशिवाय दुसरा विषय नाही.

आता माझं शहाणपण ऐका. आमच्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की वकिलातीत मुलगा तिकडे आहे असं सांगायचं नाही. सांगितलं की ते समजतात, म्हातारी गेली की परत यायची नाही. हे कुणी कधी पडताळून बघितलं होतं का? नाही. मीही नाही. पण मीच दुकानात बसून दहा जणांना हे सांगितलं होतं, मग आईला काय वेगळं सांगणार? अर्जात मी लिहिलं, अपत्य एक. नातेवाईक अमेरिकेत कुणी नाही. प्रवासाचं कारण, शहर बघणे.

आणि मग आईला प्रवासी बनवायच्या मागे लागले. रोज दुपारी जेवणं झाली की मी टेबलाच्या त्या बाजूला साहेब होऊन बसायचे आणि ती या बाजूला हात मांडीवर ठेवून.

"न्यूयॉर्कला कशासाठी जाताय, बाई?"

"पुतळा बघायला."

"कुठला पुतळा?"

"मशालवाली बाई."

"नाव सांगा ना तिचं."

"नाव मला कुणी सांगितलंय? तिला तरी माझं ठाऊक आहे का?"

"आई, नीट सांग. साहेब हसणार नाहीत असल्या बोलण्याला."

"मग तो साहेब माझ्या काय कामाचा?"

मी कपाळावर हात मारून घ्यायचे आणि ती मजेत उकडलेला मका तोंडात टाकायची. पण तिला नाद लागला, हेही खरं. एका जुन्या कॅलेंडरवरचा पुतळ्याचा फोटो तिने चुलीजवळ टांगला. त्या बाईच्या डोक्यापर्यंत चढायला साडेतीनशे पायऱ्या आहेत असं मी सांगितलं, तर दोन दिवस गुडघ्याला तेल लावत बसली. पुलाचं नाव तिने पाठ केलं, बागेचं केलं. शेजारच्या ओर्तेन्सियाबाईंना तोऱ्यात सांगायची, "बागेत तळी आहेत म्हणे. होड्या आहेत. गाई मात्र नाहीत. एवढं गवत आणि गाय एक नाही, काय करायचं त्या गवताचं?"

एकदा क्वेंकाला घेऊन गेले, सरकत्या जिन्याची सवय करायला. क्लेव्हरने सांगितलं होतं की तिकडे जमिनीखाली सगळीकडे ते जिने आहेत. पहिल्यांदा ती जिन्यासमोर पाच मिनिटं नुसती उभी राहिली. पायऱ्या निघत होत्या आणि ती प्रत्येक पायरीला "ही नको, पुढची" म्हणत होती. मागे लोक खोळंबले. शेवटी तिने घागरा दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि पाय टाकला. वर पोचली तेव्हा इतकी हसत होती की तिथला पहारेकरीही हसायला लागला. मग उतरली, पुन्हा चढली. सात वेळा. मी म्हटलं, "आई, पुरे." तर म्हणाली, "थांब गं, पैसे पडत नाहीत ना?"

संध्याकाळी ती क्लेव्हरसाठी हॅट विणायची. आयुष्यभर तिने हॅटाच विणल्या, पण त्या विकायला, व्यापाऱ्यासाठी. ही बारीक गवताची, फुरसतीने करायची हॅट. डोक्याचं माप हवं म्हणून तिने क्लेव्हरला फोनवर सांगितलं, तर त्या गाढवाकडे दोरा नव्हता. त्याने चार्जरच्या वायरने डोकं मोजलं आणि तेवढी वायर फोनसमोर ताणून धरली. आईने स्क्रीनवर बोटं लावून माप घ्यायचा प्रयत्न केला. दोघं अर्धा तास भांडत होते आणि मी बाजूला बसून हसत होते. आमच्या घरात इतकं हसू कित्येक वर्षांत नव्हतं.

वकिलातीतली मुलाखत खाली बंदराच्या शहरात, ग्वायाकिलला होती. बसने उतरलो तर ही उकाड्याची झळ. आईने तिचा नेहमीचा वेष घातला होता, घागरा, शाल, पांढरी हॅट, दोन वेण्या. मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, साधा स्कर्ट घाल, शहरातली दिसशील. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्या एका गोष्टीत मी तिचं ऐकलं.

आत तिला एकटीलाच सोडलं. मी समोरच्या फुटपाथवर नारळपाणीवाल्याच्या छत्रीखाली उभी. दारातून आत जाताना तिच्या कानात शेवटचं सांगितलं, "मुलं किती?"

"एक," ती म्हणाली.

दीड तासाने बाहेर आली. हातात पासपोर्ट नव्हता. आमच्या धंद्यातल्या माणसाला तेवढं पुरतं. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला. मी रस्त्यातच तिला मिठी मारली, तिची हॅट पडली, नारळपाणीवाल्याने उचलून दिली. मी तिथूनच क्लेव्हरला फोन लावला आणि ओरडून सांगितलं. तो रडायला लागला. भटारखान्यात उभा राहून रडत होता, मागे भांड्यांचा आवाज येत होता. "आईला दे," म्हणाला. मी फोन पुढे केला, तर आई म्हणाली, "नंतर. ऊन लागतंय."

मला वाटलं, खरंच ऊन लागलं असेल.

परतीच्या बसमध्ये, डोंगर चढायला लागल्यावर, तिने सांगितलं. साहेब गोरा होता, तरुण होता, बोलायला गोड होता. विचारलं, शहरात काय बघणार? तिने पुतळा सांगितला, पूल सांगितला. तो हसला. मग विचारलं, मुलं किती? आणि हिच्या तोंडून निघालं, दोन.

"अगं, किती वेळा घोकून घेतलं होतं," मी म्हटलं.

"दोनच आहेत ना मला," ती म्हणाली. "आयुष्यभर कुणी विचारलं की दोन म्हणते. जीभ गेली तिकडे."

साहेबाने कागद बघितला. म्हणाला, इथे तर एकच लिहिलंय, दुसरं कुठे आहे? आई म्हणाली, नाही. नाही म्हणजे? मग आई म्हणाली, देवाघरी गेला. नाव काय होतं? क्लेव्हर. कधी गेला? तर आईने तारीखही सांगितली. तो घरातून निघाला ती. चौदा वर्षांपूर्वीची, मार्चमधली.

"मग?" मी विचारलं.

"मग त्याने चष्मा काढला. म्हणाला, वाईट वाटलं, बाई. कागदावर काहीतरी लिहिलं. आणि म्हणाला, तुमचा प्रवास सुखाचा होवो."

मी काय म्हणायला हवं होतं? आज मला शंभर गोष्टी सुचतात. तेव्हा मी हसले. हसून म्हटलं, "आई, तू तर माझ्यापेक्षा हुशार निघालीस. कागदावरचं कागदावर. त्याने क्लेव्हरला काय होतंय?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "मी माझ्या तोंडाने त्याला मारला, नार्सिसा. खोटं बोलले असते की मला तो नाहीच, तर निराळं होतं. मी तारीख दिली."

पुढचा दीड महिना मी तयारीत गर्क होते, आणि ती नव्हती. मला दिसत होतं, पण मी बघितलं नाही. घरात सामान येत होतं. आमच्याकडे कुणी निघालं की सगळं गाव आपापल्या पोरांसाठी वस्तू आणून देतं. भाजलेले कुई, सुकवलेला मका, चीज, भाजलेली पिठं, देवाचे फोटो. कुई नसतील तर आमच्या पोरांना घरचं जेवण मिळालं असं वाटतच नाही. एवढासा प्राणी, घरात गवतावर वाढवायचा आणि पाहुणा आला की भाजायचा. ओर्तेन्सियाबाईंनी तिकडे असलेल्या आपल्या दोन मुलांसाठी चार कुई द्यायचं कबूल केलं होतं. "तुझ्या आईच्या हातून गेले म्हणजे माझ्याच हातून गेले," म्हणाल्या. आई नुसती मान हलवायची. हॅटचं विणकाम काठाशी येऊन थांबलं होतं. सरकत्या जिन्याचं नाव काढलं तरी हसत नव्हती.

एका रविवारी क्लेव्हरचा फोन आला, तर त्याच्या डाव्या हाताला पट्टी. सुरी लागली होती, चार टाके. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाला कधी ना कधी लागायचंच. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फोन माझ्या हातात दिला आणि उठून आत गेली.

निघायला पाच दिवस राहिले असताना म्हणाली, "मी जाणार नाही."

"काय?"

"तो मेलाय असं सांगून मला वाट मिळाली. त्या वाटेने मी गेले तर तो खरंच जाईल. हाताला लागलं, ती नुसती सुरुवात आहे."

मी ओरडले. भांडले. अडाणी म्हणाले, माझ्या आईला. तिकीट, सामान, गाव काय म्हणेल, क्लेव्हरने खोली रंगवून घेतलीय, पलंग आणलाय, सगळं सांगितलं. ती चुलीजवळ बसून राहिली, हलली नाही. दुसऱ्या दिवशी मी ओर्तेन्सियाबाईंना नको म्हणायला गेले तेव्हा त्यांच्या दारात चारही कुई साफ करून टांगलेले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. आत बोलावून कॉफी दिली.

क्लेव्हरला मी सांगितलं, गुडघे धरलेत, डॉक्टर नाही म्हणतायत.

तो मग म्हणाला, "वडिलांच्या वेळी मी आलो नाही, तेच ना?"

मी म्हणाले, "नाही रे, गुडघेच."

तेव्हा सांगायला हवं होतं. अगदी त्या क्षणी. पण सांगितलं असतं तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, आईला असलं शिकवलं कुणी? आणि मी तर माझ्या हातचा अर्ज परत येत नाही म्हणून मिरवणारी. पुढच्या वर्षी मिरवणं बंदच झालं. ओर्तेन्सियाबाई स्वतः ग्वायाकिलला गेल्या, माझ्याकडे न येता. खिडकीपाशी सरळ म्हणाल्या, साहेब, माझी दोन मुलं तिकडे आहेत, वीस वर्षं बघितली नाहीत, बघून परत येते, इथे माझ्या गाई आहेत. त्यांना व्हिसा मिळाला. जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी आईला पुतळ्याचा चुंबक आणून दिला, आईने तो दुधाच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवला.

पाच वर्षं गेली अशी. सगळ्यांत वाईट म्हणजे आई त्याच्याशी बोलायची बंद झाली. भांडण नव्हतं. फोन आला की तिला काहीतरी काम निघायचं, कोंबड्या, दूध, शेजार. कधी घेतलाच फोन तर स्क्रीन उलटी धरायची, छताकडे, आणि हो, बरं, जेवलास का, एवढंच बोलायची. मला म्हणायची, "मेला म्हणून सांगितलेल्या पोराच्या तोंडाकडे कोणत्या तोंडाने बघू?" क्लेव्हरला वाटायचं, आईने त्याला टाकलं. आणि मी दोघांच्या मध्ये बसून फोन लावून द्यायचे.

गेल्या रविवारी मातृदिन होता. त्याने फोन केला. आई परसात गेली ती आलीच नाही. क्लेव्हर म्हणाला, "नार्सी, मी आता करत जाणार नाही फोन. पैसे पाठवत राहीन. तिला त्रास होतो, मलाही होतो. तिने मला माफ केलं नाही, ठीक आहे. मी मेलोच म्हणायचं तिच्या लेखी."

त्याने सहज वापरलेला शब्द होता. पण माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. अर्ज, घोकंपट्टी, साहेबाचा चष्मा, मार्चमधली तारीख. सांगताना रडत होते. मला वाटलं तो शिव्या देईल, आणि त्या मला हव्याच होत्या.

तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला, पण आधी हसला. म्हणाला, "एवढंच? अगं, लहानपणी मला स्वप्न पडलं होतं आई मेल्याचं. मी भोकाड पसरलं, तर तीच म्हणाली होती, वेड्या, स्वप्नात मेलेलं दिसलं की त्या माणसाचं आयुष्य वाढतं, तू मला दहा वर्षं दिलीस. विसरली वाटतं? जा, तिला बोलाव. ओढून आण."

मी ओढून आणली. हात मातीने भरलेले होते तिचे. मी फोन तिच्यासमोर धरला, सरळ.

"आई," तो म्हणाला, "स्वप्नात मारलं की दहा वर्षं, ना? तू तर मला जागेपणी मारलंस, तेही सरकारी साहेबासमोर. वीस तरी धर. आता मी तुझ्या छाताडावर बसून म्हातारा होणार."

आईने त्याच्याकडे बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. "किती टक्कल पडलंय तुला," ती म्हणाली. मग हसली, मग शालीत तोंड लपवून रडली, आणि तो पलीकडून तिला चिडवत राहिला. एक वाक्य होतं. पाच वर्षांपूर्वी त्याला फोन करून मी खरं सांगितलं असतं, तर त्याने ते तेव्हाच म्हटलं असतं, आणि ती ठरलेल्या दिवशी विमानात बसली असती.

फोन ठेवायच्या आधीच ती उठली. पेटीतून लोकरीचा घागरा काढला, झटकला. अर्धवट हॅट काढली, काठ तपासला, म्हणाली, "हा भाग उसवून घ्यावा लागेल, गवत वाळलंय. आठ दिवसांत होईल. नार्सिसा, पासपोर्ट आण. गुडघे आता जरा धरतात, पण पुतळ्यात नाही चढायचं आपण, खालूनच बघायचा. कधीचं विमान बघतेस?"

क्लेव्हर स्क्रीनवर अजून हसत होता.

मी पासपोर्ट आणला. माझ्या दुकानातल्या कपाटातच होता. तारीख मला बघायची गरज नव्हती, तरी मी पान उघडून तिच्यासमोर धरलं. पाच वर्षांचा व्हिसा, तीन आठवड्यांपूर्वी संपलेला.

"आई, मुदत गेली."

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. "मग पुन्हा जाऊ ग्वायाकिलला. त्यात काय? या वेळी मी दोघांची नावं सांगेन. ओर्तेन्सियासारखं सरळ सांगेन."

मी दुकानदार आहे, मला हे कागद पाठ आहेत. मी तिला सांगितलं की त्यांच्याकडे जुनं सगळं लिहिलेलं असतं. तुझ्या नावापुढे लिहिलंय, एक मुलगी, एक मुलगा मयत. आता तो जिवंत आहे आणि तिकडे आहे म्हणालीस, तर मागच्या वेळी खोटं बोलून व्हिसा घेतलास असं होईल, आणि मग कायमचं दार बंद.

"आणि तसं नाही म्हटलं तर?"

मी पासपोर्ट मिटला. स्क्रीनवर क्लेव्हरही आता हसत नव्हता.

"म्हणजे पुन्हा तेच सांगायचं," आई म्हणाली. "की तो मेलाय."

"हो."

तिने घागरा मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालायला लागली, आधी घेर, मग कंबरपट्टा. घालून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुला माहीत होतं ना गं," ती म्हणाली, "मी का जात नाही ते?"

"माहीत होतं, आई."

"आणि त्याला नाही सांगितलंस."

"नाही सांगितलं."

तिने मान हलवली. मग फोन माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या हाताने, आणि स्क्रीनवरच्या क्लेव्हरला विचारायला लागली की आज काय जेवलास, आणि हात दाखव, टाके पडले होते तो, बघू दे.